पिंपळीची चढती-उतरती

मी वाईचा वैद्य, आणि मला खोकला. या दोन गोष्टी एकाच माणसाच्या ठायी नांदू लागल्या म्हणजे काय होते, ते आमच्या घाटावर कोणालाही विचारावे. रोग्याची नाडी धरून मी पथ्य सांगू लागलो की मध्येच उबळ येई, आणि रोगीच माझ्या पाठीवरून हात फिरवून म्हणे, "बुवा, आधी तुम्ही घोटभर पाणी घ्या." दोन वर्षे हे असेच चालले. माणसे ओटीवरून परत जाऊ लागली, पुढेपुढे ओटीपर्यंत यायचीही थांबली. शेवटी आमच्या कुटुंबाने एकदा ताक वाढता वाढता स्पष्टच सांगितले, "ज्याचा स्वतःचा खोकला जात नाही तो दुसऱ्याचा काय घालवणार, असे लोक म्हणतात. लोकांचे मला काही चुकले असे वाटत नाही."

औषध मला ठाऊक नव्हते असे नाही. जुनाट खोकल्यावर पिंपळीसारखे दुसरे काही नाही, आणि ती घेण्याची रीतही मला तोंडपाठ होती. पहिल्या दिवशी एक पिंपळी दुधात उकळून घ्यायची, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी तीन. असे चढत जायचे, आणि मग तसेच रोज एकेक कमी करत उतरायचे. पण आमच्या बाजारात मिळे ती पिंपळी किड्यांनी आधीच खाऊन झालेली असे. चावली तर जिभेला पत्ताही लागत नसे. दुकानदाराला फैलावर घेतले तेव्हा तो म्हणाला, "मी काय करू? वऱ्हाडातून यायची, ती येत नाही. तिकडे सगळे कापूस लावत सुटलेत." तेव्हा मनाने घेतले की आपणच जावे. ताजी पिंपळी पोटभर घ्यावी, आणि येताना वेलच आणून परसात लावावेत, म्हणजे पुन्हा कोणाचे तोंड पाहायला नको.

अकोल्यात

आगगाडी जिथवर होती तिथवर आगगाडीने आणि पुढे बैलगाडीने मी अकोल्यास पोचलो. वाटेचे वर्णन करत नाही. धूळ सगळ्या मुलखांत सारखीच असते.

अकोल्यात मात्र धुळीवर कापूस असतो. रस्त्यावर, कुंपणांना, गुरांच्या पाठींवर, माणसांच्या मिशांत, जिकडे पाहावे तिकडे कापसाचे पुंजके. सातासमुद्रापलीकडे कुठेतरी गोऱ्या लोकांत भाऊबंदकी पेटली आहे, त्यांचा कापूस त्यांच्याच घरात अडकला आहे, म्हणून विलायतेच्या गिरण्या वऱ्हाडच्या तोंडाकडे पाहत बसल्या आहेत. हे मला अकोल्याच्या न्हाव्याने दाढी करताना सांगितले. त्याला ती सगळी लढाई पाठ होती. आमच्याकडे न्हावी गावातल्या भानगडी सांगतो. इथला एकदम समुद्र ओलांडतो. बाहेर पाहिले तर एका शेतकऱ्याने बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढवल्या होत्या, आणि स्वतः मात्र फाटकी बंडी घालून अनवाणी चालला होता. बैल भलतेच ऐटीत होते.

वऱ्हाडी बोलण्याची मला सवय नव्हती. वाईत पाहुणा आला तर आम्ही "कोणीकडे येणे केलेत?" असे विचारतो आणि उत्तराची वाट न पाहता गूळपाणी ठेवतो. अकोल्यात ज्याच्या ओसरीवर मी पडशी ठेवली त्याने मला पाहताच विचारले, "काहून आले?" मी इतका चिडलो की पडशी उचलून निघालोच होतो. तोच त्याने आतून दुधाचा भला मोठा तांब्या आणून हातात दिला आणि माझ्यासमोर मांडी ठोकून बसला. तेव्हा समजले की त्याला खरोखरच मी का आलो ते जाणून घ्यायचे होते. आमच्या गूळपाण्यात एवढी आस्था नसते, हे मला तिथे बसल्या बसल्या कबूल करावे लागले.

काष्ठौषधीच्या दुकानात पिंपळी मागितली तेव्हा दुकानदार एवढा हसला की त्याचे पागोटे सुटले. तिकडे पिंपळीला पिंपरी म्हणतात. "पिंपरी? महाराज, लोकं अंगनातली तुळस उपटून कापूस लावून राहिले, अन् तुमी पिंपरी पुसता!" मग पागोटे सावरून म्हणाला, "अंजनगावले बारी लोकायचा एक मळा उरला असन. गंगामायचा. पन लौकर जा. तिचा पोरगा किसन आज खोदतो का उद्या खोदतो, अशी गोठ हाये."

अंजनगावी, मळ्याच्या दारात

बारी म्हणजे विड्याच्या पानाचे आणि पिंपळीचे मळे करणारे लोक. सातपुड्याचा निळा डोंगर अंजनगावच्या उत्तरेला अगदी जवळ उभा दिसतो, आणि त्याच्या पायथ्याच्या काळ्या जमिनीत या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या वेल जगवले. मी पोचलो तेव्हा गावाच्या चारी बाजूंना कापूसच कापूस, आणि एका विहिरीजवळ तुराट्यांच्या कुडाने वेढलेला हिरवा चौकोन तेवढा उरलेला. मला इतका आनंद झाला की मी तडक आत घुसलो.

"जोडे! जोडे! अरे कोन हाये थो जोडेवाला!"

एक वाळकी, उंच म्हातारी हातात पिंपळीची टोपली घेऊन माझ्या अंगावर धावून आली. मळ्यात पायताण घालून जात नाहीत. देवळात चालेल एकवेळ, पण मळ्यात नाही. मी घाईघाईने जोडे काढायला एका पायावर उभा राहिलो, तोल गेला, आणि कुडाला टेकवून ठेवलेल्या पंधरा-वीस कुदळी माझ्यासह खाली आल्या. उठून पाहतो तर प्रत्येक कुदळीला हळदकुंकू लावलेले, आणि पलीकडे डोंगरातून आलेले वीसएक मजूर बसलेले. त्यांच्या पुढ्यात नारळ घेऊन उभा असलेला गडी म्हणजे किसन. मळा खोदायचा मुहूर्त त्याच सकाळचा होता.

पडल्यामुळे म्हणा, धुळीमुळे म्हणा, मला खोकल्याची उबळ आली. चांगली दांडगी आली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत मी खोकलो. मान वर केली तर मघाशी अंगावर आलेली म्हातारी माझ्याकडे असे पाहत होती की जणू मी तिचा हरवलेला भाऊच.

"किती दिवसाचा हाये, महाराज?" तिने विचारले.

"दोन वर्षांचा," मी म्हणालो.

"दोन वर्साचा!" ती मोठ्याने ओरडली, किसनला ऐकू जाईल अशी. "ऐकलं का रे किसना? दोन वर्साचा!"

किसनने नारळ खाली ठेवला आणि कपाळाला हात लावला.

त्याचे कारण मला नंतर समजले. त्या मळ्याची एक चाल आहे. कोणी रोगी तिथल्या वेलाची पिंपळी चढती-उतरती घेत असेल तोवर मळ्यात कुदळ पडत नाही. रोग्याचा जीव तोवर त्या वेलाशी बांधलेला असतो, वेल तुटला तर माणूस दगावतो, अशी समजूत. माझ्या आधीचा रोगी आदल्याच दिवशी उतरून मोकळा झाला होता, आणि किसनने एक रात्रही न दवडता मुहूर्त धरला होता. मजूर संक्रांतीपर्यंतच मिळणार होते. संक्रांतीला ते उठून आगगाडीच्या बांधाच्या कामावर जाणार, आणि मुळांनी गच्च भरलेली ती जमीन खणणे घरच्या दोन हातांचे काम नव्हे. एकदा संक्रांत टळली की मळा वर्षभर वाचला.

हे सगळे मला ठाऊक होण्याआधीच गंगामायने एक पिंपळी दुधात उकळून माझ्या हातात दिली होती, आणि मी ती पिऊनही टाकली होती. दोन दिवसांचा मुक्काम ठरवून आलेला मी मळ्याचा रोगी झालो. वैद्याला रोगी म्हणवून घेताना काय वाटते ते मी लिहीत नाही. मजूर तेवढ्यापुरते दुसऱ्यांच्या कापूस वेचणीला लागले, कुदळी कुडालाच टेकून राहिल्या.

मळ्यात

विहिरीजवळच्या झोपडीत माझी सोय झाली. मळा आतून थंड, ओलसर आणि झणझणीत वासाचा. शेवरीची आणि पांगाऱ्याची झाडे ओळीने लावलेली; त्यांच्या सावलीत, त्यांच्याच अंगावरून पिंपळीचे वेल चढतात. पान विड्याच्या पानासारखे, पण लहान. फळ बोटाच्या पेराएवढे, हिरव्या तुतीसारखे उभे. काळपट हिरवे झाले की तोडायचे. पिकून लाल झाले तर तेज गेले. तोडलेली पिंपळी सारवलेल्या अंगणात चार-पाच दिवस उन्हात पडते आणि काळी, टणक होते. वेलाला ऊन सोसत नाही आणि पाणी साचलेले सोसत नाही, पण पाणी नाही मिळाले तर तेही सोसत नाही. गंगामाय दिवसभर मोटेच्या पाण्याला पाट बदलून देत फिरायची आणि वेलांना सुनांसारखे बोलायची, म्हणजे टाकून.

या मळ्यावर लोक कसे अवलंबून होते ते मी तिथे बसून पाहिले. सकाळी कोणी बाळंतिणीसाठी पिंपळमूळ मागायला येई, कोणी हिवतापाने पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढलेला माणूस पोट दाखवी. एका बाईने वर्षाचे खोकणारे मूल आणले. गंगामायने पिंपळी सहाणेवर मधात दोनच वेढे उगाळली आणि करंगळीने चाटवली. मी शास्त्राधाराने म्हणालो, की या वयाला चार वेढे लागतात.

"कोनी सांगतलं?"

"ग्रंथात आहे."

"मंग ग्रंथाले चाटवा. पोरगं केवढं हाये ते पाहून देत असते, महाराज."

ते मूल दुसऱ्या दिवशी माझ्याच मांडीवर खेळत होते.

जेवणाचा प्रश्न होता. मी ब्राह्मण, ते बारी. मी माझा भात स्वतः शिजवून घेई. चौथ्या दिवशी गंगामायने माझे पातेले उघडून पाहिले. "एवढी तिखट पिंपरी पोटात, अन् वरून हा पान्यासारका भात? औषध बाधन. याच्यावर भाकर लागते. भाकर औषधातच हाये." आणि ज्वारीची गरम भाकर, वर वांग्याची भाजी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. औषधाला विटाळ नाही हे शास्त्र मला ठाऊक होतेच. ते वांग्याच्या भाजीपर्यंत पोचते हे मला त्या दिवशी कळले. तेव्हापासून मी औषध दोन्ही वेळा घेतले. हे मी घरी सांगितलेले नाही. छापून आल्यावर कळेलच.

किसन वाईट माणूस नव्हता. रोज सकाळी तो बैलगाडी घेऊन येई, आणि कुडाशी उभा राहून विचारी, "महाराज, खोकला कसा हाये?" त्याच्या बैलांच्या गळ्यात नवे चांदीचे घुंगरू होते, त्यांचा आवाज वेशीपासून ऐकू येई. एकदा तो माझ्याजवळ बसला आणि मनातले बोलला. "याले सावली करा, पानी द्या, तोडा, वाळवा, अन् वरून मायच्या शिव्या खा. शेजारी नुसतं सरकी फेकून मोठे झाले. म्या काहून मागं राहू?"

मी हे गंगामायला सांगितले. ती टोपली खाली ठेवून म्हणाली, "हा मळा गेला त गावात पिंपरीचा एक वेल राहत नाई. उद्या बाळंतीन दारात आली त म्या तिले काय देऊ? सरकी?" तोवर मला ही सगळी गंमतच वाटत होती. त्या क्षणापासून मला तो मळा वाचावा असे मनापासून वाटू लागले.

आठवी पिंपळी आणि पुढे

आठव्या दिवशी सकाळी मी उठलो, दूध प्यालो, तोंड धुतले, आणि एकाएकी लक्षात आले की खोकला नाही. छाती मोकळी. दोन वर्षांनी मी पोटभर श्वास घेतला आणि आनंदाने टाळी वाजवणार, तोच गंगामायचे तोंड पाहिले.

चढण्या-उतरण्याचा नियम असा, की खोकला थांबला की तिथूनच उतरायचे. आठव्या दिवशी थांबलो तर पंधराव्या दिवशी मी मोकळा. संक्रांत तेव्हा पुष्कळ लांब होती. गंगामायने बोटांवर हिशेब आधीच करून ठेवला होता.

"एकोनीसपर्यंत चढा, महाराज," ती हळूच म्हणाली. "एकोनीस चढले त उतरेपर्यंत संक्रांत जाते. एकही कमी नको."

"पण खोकला थांबला."

"कोनाले ठाऊक हाये?"

"मी खोटे बोलत नाही, माय."

"बोलू नका न. नुसतं खोका."

वेशीवर घुंगरू वाजले. मी, वाईच्या प्रतिष्ठित वैद्यघराण्यातला, तोंडावर उपरणे धरून असा खोकलो की शेवरीवरची साळुंकी उडाली. किसन कुडाशी आला, हताश होऊन माझ्याकडे पाहून गेला. गंगामायने त्या दिवशी भाकरीबरोबर लोण्याचा गोळा वाढला.

पण या पापाचे प्रायश्चित्त जागच्या जागी होते. प्रत्येक खोट्या खोकल्याला दुसऱ्या दिवशी एक खरी पिंपळी वाढे. दहा पिंपळ्यांना जीभ जळली. बारांना नाक वाहू लागले. चौदांच्या दिवशी पोटात अशी आग पडली की मी धोतरासकट मोटेच्या थारोळ्यात जाऊन बसलो, आणि वरून मोटेचे पाणी डोक्यावर घेत राहिलो. नेमका तेव्हाच किसन आला.

"खोकल्यावर थंडं पानी, महाराज?"

"शास्त्रात आहे," मी दात वाजवत म्हणालो, आणि ध्यानात आले तसा खोकलो.

जाताना त्याने दोनदा वळून पाहिले. पंधरा, सोळा, सतरा. माझे डोळे लाल, कान गरम, आणि तब्येत म्हणाल तर इतकी ठणठणीत की मी मोटेचे बैल स्वतः हाकू लागलो होतो. अठरा झाल्या.

एकोणिसाव्या दिवशी पहाटेच एकोणीस पिंपळ्या उकळलेले दूध मी डोळे मिटून संपवले. आता फक्त आजचा खोकला, की सुटलो. घुंगरांचा आवाज नव्हता. ऊन कोवळे, वेलांवरून थेंब ठिबकत होते. मी अगदी खुशीत येऊन, शेवरीवर चढून, वरच्या पिंपळ्या तोडत मोठमोठ्याने आरती म्हणत होतो. माझा आवाज पूर्वी नावाजलेला होता. शेवटच्या चरणाला मी तार सप्तकात गेलो, आणि खालून कोणी "वा!" म्हणाले.

खाली किसन. घुंगरू बैलांच्या गळ्यात नव्हते, त्याच्या हातात होते, फडक्यात गुंडाळलेले.

"लय छान आवाज हाये, महाराज," तो म्हणाला. "कुठंबी अटकत नाई."

मी खोकण्याचा एक दुबळा प्रयत्न केला. तो मलाच शोभला नाही. खाली उतरून मी त्याच्यासमोर उभा राहिलो आणि कबूल केले. खोकला अकरा दिवसांपूर्वी गेला, मी तुला फसवले, मला लाज वाटते. पण हा मळा जाऊ नये असेही मला वाटते, आणि ते खोटे नाही. त्याने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाला, "आता उतरा. आजपासून. किती झाल्या?"

"एकोणीस."

तो बोटे मोजू लागला. उद्या अठरा, परवा सतरा. दोन्ही हातांची बोटे संपली, तेव्हा पेरांवर आला. शेवटच्या पेरावर अंगठा थांबला आणि त्याने माझ्याकडे पाहिले. शेवटची पिंपळी संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी पडत होती.

"काल येतो त एक दिवस भेटला असता न मले," तो म्हणाला. "वीस गड्यायले एक दिवस पुरे होता."

"तू आताही खोदू शकतोस. मी लबाडीने चढलो आहे."

"लबाडीनं चढा नाई त खऱ्यानं चढा, चढलेला मानूस उतरल्याबिगर वेल तोडत नाई," किसन चिडून म्हणाला. आपण त्याला असे काही सुचवलेच कसे, असे त्याच्या तोंडावर होते. मग तो कुडाशी जाऊन बसला आणि जोरजोराने हसू लागला. बराच वेळ हसला. जाताना एवढेच म्हणाला, की मायला सांगू नका मला समजले म्हणून. तिला जिंकल्यासारखे वाटते आहे, वाटू द्या.

उतरतीचे ते दिवस मजेत गेले. मी रोज किसनच्या आणि गंगामायच्या समोर, दोघांनाही बरे वाटावे म्हणून, थोडे थोडे खोकत असे. संक्रांतीला मजूर कुदळी खांद्यावर टाकून निघाले तेव्हा गंगामाय वाटेवर उभी राहून एकेकाला मूठ मूठ तिळगूळ देत होती. इतक्या उदारपणे तिळगूळ वाटलेला मी आजवर पाहिलेला नाही.

निघायच्या आदल्या दिवशी मी भीत भीत वेलांची गोष्ट काढली. मला वाटले होते नकार मिळेल. पण गंगामायने वेलांची हातहात लांबीची बेणी काढली, ओल्या गोणपाटात गुंडाळली, बरोबर दोन शेर वाळलेली पिंपळी बांधली. सकाळी किसनने ते बोचके स्वतः गाडीत ठेवले आणि अकोटपर्यंत मला पोचवायला आला. अकोटला मी त्याला म्हणालो, "पुढच्या वर्षी मजूर पुन्हा येतील. तेव्हा?"

"तवाचं तवा पाहू," तो म्हणाला, आणि माझ्या पाया पडला.

वाईस

माझा खोकला गेलेला पाहून ओटी आपोआप भरली. गंगामायची पिंपळी अशी लागू पडली की लोक पाचगणीहून उतरून येऊ लागले. वेल मी विहिरीशेजारी लावले, शेवरी लावली, पाणी दिले, परसात जोडे काढून जाऊ लागलो. कुटुंबाला त्याचे फार आश्चर्य वाटले. पहिल्या वर्षी वेल शेवरीवर चढले. दुसऱ्या वर्षी असे माजले की विहीर झाकली. पण पिंपळी धरेना. लांबलचक, बारीक, पिवळे शेपटासारखे तुरे येत आणि आठवड्यात गळून पडत. मी शेणखत घातले, राख घातली, पाट बदलले, गंगामायसारखे टाकून बोलूनही पाहिले. मधल्या काळात समुद्रापलीकडची भाऊबंदकी मिटली, कापूस पडला, आणि वऱ्हाडात पुष्कळांनी बैलांची चांदी उतरवली असे कानी आले. मळ्याचे काय झाले असेल, या विचाराने मी बेचैन झालो. शेवटी पत्र टाकले. मळा आहे का, आणि माझ्या वेलांना फळ का येत नाही?

महिन्याने उत्तर आले. अक्षर शाळेच्या मास्तरांचे, पण शब्द किसनचेच होते. मास्तरांनी बहुधा हात टेकले असावेत.

"महाराजाले दंडवत. मळा हाये. मागच्या सालापासून वाढवून दुप्पट केला. मजूर आलते, पन म्या त्यायच्याकडून नव्या वेलाचे वाफे खनून घेतले. माय बरी हाये. तुमच्या वेलाले फळ येनार नाई. पिंपरीत नर वेल अन् मादी वेल असते. मायनं तुमाले मादी बांधून देल्ली होती. पहाटे म्या बोचकं सोडून नर भरले. मायले हे आता सांगतलं, तर तिनं मले टोपली फेकून मारली. पन महाराज, तिकडं फळ धरलं असतं तर तुमचा अंजनगावशी काय संबंध राहिला असता? अन् कोनी घ्यायलेच आलं नाई तर एवढा मळा म्या कोनासाठी राखू? पिंपरी किती पाठवू ते लिवा."

मी ते पत्र तीनदा वाचले. अकोटच्या वाटेवर मी ज्याला पुढच्या वर्षाची काळजी ऐकवत होतो, त्याने मळा राखायचे त्या पहाटेच ठरवले होते, आणि मी मात्र मळा वर्षभर वाचवल्याच्या आनंदात गाडीत मांडी ठोकून बसलो होतो. विहिरीवरचे ते माजलेले नर वेल एकदा पाहून आलो. मग चार शेर पिंपळी पाठव म्हणून लिहिले, आणि आमच्या प्रांतातल्या सगळ्या वैद्यांना सांगून टाकले की पिंपळी आपल्या मातीत येत नाही, अंजनगावाहूनच मागवावी.

आता ही हकीकत लिहून मी स्वतःचे खोटे स्वतःच फोडले आहे. फोडले तर फोडले. वाचकांपैकी कोणाला वेल आणून आपल्या परसात लावावेत असे वाटलेच, तर त्याने खुशाल अंजनगावास जावे. किसन नाही म्हणायचा नाही. लागतील तेवढे बांधून देईल.